विहिरीचं पाणी, शिवारातली माती : प्रदूषण तपासणीसाठी नमुने कसे घ्यावेत

बोअरच्या पाण्याला वास यायला लागतो, भाताची रोपं एकाच पट्ट्यात पिवळी पडतात, कळशीच्या तळाशी न जाणारा थर बसतो. गावात चर्चा सुरू होते आणि शेवटी कोणीतरी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून तालुक्याला नेऊन देतं. अहवाल येतो, त्यावर ‘मर्यादेत’ असं लिहिलेलं असतं आणि विषय तिथेच बंद होतो. अशा कित्येक वेळा पाण्यातला दोष तसाच राहतो, कारण नमुनाच नीट घेतलेला नसतो. एकदा असा कागद हातात आला की पुढे कोणी ऐकून घेत नाही, म्हणून पहिलाच नमुना काटेकोर घेतला पाहिजे.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात जांभा आणि तांबडी माती, बेळगावच्या दक्षिणेला भाताची चिकण खाचरं, आणि चिकोडी-अथणीकडे कृष्णाकाठची काळी, जागोजागी खारवट झालेली जमीन. तासाभराच्या प्रवासात माती बदलते आणि मातीबरोबर भूजलही. त्यामुळे नुसता एक आकडा हातात घेऊन कोणाला दोषी धरता येत नाही आणि कोणाला सोडताही येत नाही.

आधी संशय नेमका करा

‘सगळं तपासून द्या’ असं सांगितलं तर लॅबवाले नेहमीची यादी लावतात. पीएच, क्षारता, कडकपणा, क्लोराईड एवढ्यावर काम भागतं आणि खरा गुन्हेगार त्या यादीत नसतोच. म्हणून आधी जवळ काय आहे ते बघा.

उद्यमबागसारख्या औद्योगिक वसाहतीच्या उताराला शेत असेल तर प्लेटिंगमधून (धातूवर मुलामा देण्याच्या कामातून) येणारे क्रोमियम, निकेल, झिंक आणि तेल-ग्रीस मागा. क्रोमियममध्ये एकूण क्रोमियम आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम वेगवेगळे मागायला हवेत, कारण जास्त विषारी आणि पाण्याबरोबर सहज पसरणारं रूप हेक्झाव्हॅलंट हे आहे. वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरतं. तिथे शहराचं सांडपाणी हा मुख्य प्रश्न आहे, तेव्हा नायट्रेट, अमोनिया, फॉस्फेट, ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) आणि मातीत जड धातू. साखर कारखाना किंवा डिस्टिलरीच्या शेजारी स्पेंटवॉश (मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी) मुरल्याचा संशय असेल तर पोटॅशियम, क्लोराईड, सल्फेट, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), सीओडी (सेंद्रिय घाणीचं रासायनिक माप) आणि पाण्याचा तपकिरी रंग. कचरा डेपोच्या खालच्या अंगाला अमोनिया, क्लोराईड, सीओडी आणि धातू. पेट्रोल पंपाच्या टाकीतून गळती असेल तर बेंझिन, टोल्युइन वगैरे उडून जाणारी द्रव्यं, आणि त्यासाठी बाटलीपासून सगळी पद्धत वेगळी.

नुसत्या ऊसपट्ट्यात, जिथे कारखाना नाही पण वर्षानुवर्षं युरिया पडला आहे, तिथे नायट्रेट आधी बघा. पुष्कळ ठिकाणी लोक कारखान्याकडे बोट दाखवतात आणि विहिरीतलं नायट्रेट शेजारच्या उसातून आणि गोठ्यातून आलेलं असतं. हे कटू वाटतं, पण तपासणी प्रामाणिक असेल तर तेही पुढे येऊ द्यावं.

तुलनेचा नमुना : यावाचून बाकी सगळं लंगडं

माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे. संशयित जागेचे चार नमुने घेण्याइतके पैसे असतील तर तीनच घ्या, पण चौथा अशा जागेचा घ्या जिथे प्रदूषण पोचण्याची शक्यता नाही. त्या जागेची माती त्याच जातीची, पीक तेच आणि बोअर साधारण तेवढ्याच खोलीची हवी.

जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम मुळातच भरपूर असतं. क्रोमियमही निसर्गतः जास्त असू शकतं. काळ्या जमिनीत चुनखडी आणि क्षार मुळातच असतात. खानापूर रस्त्याच्या एखाद्या वावरातला क्रोमियमचा आकडा एकटाच बघितला तर घाबरायला होईल. पण कारखान्यापासून दूर, उताराच्या वरच्या अंगाला, त्याच तांबड्या मातीत तेवढाच आकडा आला तर तो जमिनीचा स्वभाव आहे. आणि तिथे त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाच आला, तर तुमच्या तक्रारीत जोर आला.

पाण्याच्या बाबतीत ‘वरचा’ आणि ‘खालचा’ अंग आधी ठरवावा लागतो. आपल्याकडच्या कातळी भागात भूजल बहुतेक वेळा जमिनीच्या उताराच्या दिशेनेच ओघळतं, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नये. एका रेषेत नसलेल्या निदान तीन विहिरींमधली पाण्याची पातळी एकाच दिवशी मोजा, प्रत्येक ठिकाणची जमिनीची उंची धरा, आणि पाणी कुठून कुठे उतरतं ते काढा. उपसा चालू असलेल्या मोठ्या बोअरजवळ ही दिशा उलटीही होते, म्हणून मोजण्याआधी आसपासचे पंप काही तास बंद ठेवायला सांगा. मग संशयित जागेच्या वर एक, आणि खाली वाढत्या अंतरावर दोन-तीन ठिकाणं निवडा. खाली जाताना आकडे कमी होत गेले तर उगम कुठे आहे हे आपोआप दिसतं.

लॅबशी बोलणं आणि बाटल्या

नमुना घेण्याच्या आधी लॅबला फोन करा. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का एवढंच विचारून थांबू नका, तुम्हाला हव्या असलेल्या घटकासाठी ती मान्यता आहे का ते विचारा. मान्यतेच्या यादीत प्रत्येक चाचणी वेगळी नोंदलेली असते. त्यांचं उपकरण किती कमी प्रमाण पकडू शकतं हेही विचारा. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि लॅबचं उपकरण ०.०५ च्या खाली काही दाखवतच नसेल, तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला काही अर्थ नाही.

बाटल्या शक्यतो लॅबकडूनच घ्या. धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लास्टिकची, तेल-ग्रीस आणि कीटकनाशकांसाठी काचेची (कीटकनाशकांना गडद तपकिरी), जिवाणूंसाठी निर्जंतुक केलेली, आणि पेट्रोलसारख्या उडून जाणाऱ्या द्रव्यांसाठी चाळीस मिलिलिटरच्या छोट्या काचेच्या कुप्या.

ग्रामपंचायतीतल्या फील्ड टेस्ट किटचा उपयोग कुठे लक्ष द्यायचं ते कळण्यापुरता. पिण्याच्या पाण्याच्या सरकारी लॅबमध्ये गावाच्या नळपाण्याचे नेहमीचे घटक तपासून मिळतात, ती सोय जरूर वापरा. माती मात्र कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात दिली की खतांच्या दृष्टीने तपासली जाते. सॉइल हेल्थ कार्डवर नत्र, स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब, झिंक, लोह असे बारा घटक येतात, पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम नाही. त्यातलं झिंकसुद्धा पिकाला मिळू शकेल तेवढंच मोजलेलं असतं, मातीतलं एकूण झिंक नव्हे. ते कार्ड दाखवून ‘आमची माती शुद्ध आहे’ असं कोणी म्हणालं तर मानू नका.

बोअरचं पाणी

बोअरमध्ये उभं राहिलेलं पाणी म्हणजे खडकातलं ताजं पाणी नव्हे. ते केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपाच्या) लोखंडाला लागून असतं, वरून हवा लागलेली असते, गाळ खाली बसलेला असतो. आधी ते उपसून टाकावं लागतं. साधारण नियम असा, की बोअरमध्ये उभं असलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी काढायचं.

हिशेब सोपा आहे. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला सुमारे २१ लिटर पाणी मावतं, साडेचार इंचीत सुमारे १० लिटर. समजा बोअर ८० मीटर खोल आहे आणि पाणी २० मीटरवर लागतं. म्हणजे उभं पाणी ६० मीटर, साडेसहा इंचीत जवळजवळ १,२८० लिटर. तिप्पट म्हणजे ३,८०० च्या वर. पंपाच्या तोंडाशी वीस लिटरची बादली धरा. ती दहा सेकंदांत भरली तर मिनिटाला १२० लिटर, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ. हे पाणी लांबच्या सरीत सोडा, बोअरच्या तोंडाशी साचू देऊ नका.

रोज चालणाऱ्या बोअरला एवढं करायची गरज नसते. दहा-पंधरा मिनिटं पंप चालवून मीटर लावा. पीएच, विद्युतवाहकता आणि तापमान दर पाच मिनिटांनी लिहून घ्या. लागोपाठच्या तीन नोंदींत पीएच ०.१ च्या आत आणि वाहकता तीन टक्क्यांच्या आत राहिली की समजा खडकातलं पाणी येतंय. मीटर त्या दिवशी सकाळी बफर द्रावणात (पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणात) लावून जुळवलेलं हवं. काही बोअर उपसताना कोरड्या पडतात. तिथे तीनपटीच्या मागे न लागता पाणी पुन्हा भरू द्या आणि भरल्यावर लगेच नमुना घ्या.

शेतीच्या पंपांना थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते, कधी रात्रीचीच असते. शेतकऱ्याला आदल्या दिवशी पाळी विचारून त्याप्रमाणे निघा. वीज जाणार म्हणून घाईत पहिल्या धारेचं पाणी भरलं की सगळा खटाटोप वाया.

नमुना पंपाच्या सगळ्यात जवळच्या तोंडातून घ्या. टाकीतून, घरातल्या फिल्टरमधून, लांबलचक पाइपातून नको. पितळी कॉक आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप पाण्यात झिंक, तांबं, थोडं शिसंही सोडतात.

उघड्या विहिरीत उतरू नये. तळाशी वायू साचून माणसं दगावल्याच्या घटना घडतात आणि नमुन्यासाठी उतरायची गरजही नाही. वजन बांधलेली बाटली दोरीने सोडून पृष्ठभागाच्या फूटभर खालून पाणी घ्या. डिझेल-पेट्रोलचा संशय असेल तर पृष्ठभागावरचा तवंगही वेगळ्या काचेच्या बाटलीत घ्या, कारण ते हलकं असतं आणि वरच तरंगतं. हातपंपाला पाच-दहा मिनिटं हापसून मग बाटली धरा.

बाटली भरताना

हातात नायट्राइल मोजे, प्रत्येक ठिकाणी नवे. पंपाजवळ सिगारेट किंवा तंबाखू नाही, चालू डिझेल इंजिनाच्या धुराच्या दिशेला बाटली उघडायची नाही. उडून जाणाऱ्या द्रव्यांच्या कुप्या सगळ्यात आधी भरा. धार बारीक करा, कुपी काठोकाठ भरा, पाण्याचा फुगवटा वर आला की झाकण लावा. मग ती उलटी करून टिचकी मारा. एकही बुडबुडा दिसला तर नवी कुपी घ्या.

जिवाणूंच्या बाटलीला उलट थोडी मोकळी जागा हवी. नळाचं तोंड स्पिरिटने पुसा, झाकण हातातच धरा, ते खाली ठेवू नका, बाटलीच्या तोंडाला बोट लागू देऊ नका. हा नमुना थंड ठेवून शक्यतो सहा तासांत, फार तर २४ तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. रविवारी घेऊन सोमवारी देऊ, हे इथे चालत नाही.

धातूंच्या बाबतीत खानापूर भागातल्या बोअरवर एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. धारेतून आलेलं पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, आणि अर्ध्या-एक तासात बाटलीत तांबूस ढग तयार होऊन तळाशी बसतो. विरघळलेल्या लोहाला हवा लागून त्याचा गंज झाला. तो खाली बसताना आर्सेनिक, शिसं अशा धातूंनाही चिकटवून घेतो. लॅबने वरचं निवळ पाणी घेतलं तर अहवाल खोटा ठरतो. म्हणून विरघळलेले धातू मोजायचे असतील तर जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून पाणी गाळा आणि लगेच नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा. लिटरला दीड-दोन मिलिलिटर संहत आम्ल बहुतेक वेळा पुरतं. थेंबभर पाणी पीएच कागदावर टाकून खात्री करा, कागद बाटलीत बुडवू नका. एकूण धातू हवे असतील तर न गाळता आम्ल घाला. आम्ल आधीच घातलेली बाटली विसळायची नाही आणि ओसंडून भरायची नाही. आम्ल हाताळताना डोळ्यांना चष्मा आणि जवळ पाण्याची कळशी असू द्या.

आम्ल घातलेला धातूंचा नमुना सहा महिनेसुद्धा टिकतो. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला मात्र हे आम्ल घालायचं नाही, तो थंड ठेवून २४ तासांत तपासावा लागतो. नायट्रेटला चार अंश थंडाव्यात दोन दिवसांची मुदत. सीओडी आणि अमोनियासाठी सल्फ्युरिक आम्ल. तेल-ग्रीसची बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळू नका, तेल काचेला चिकटून राहतं.

थर्माकोलच्या पेटीत बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. बाटल्या गोठता कामा नयेत आणि वितळलेल्या पाण्यात बुडताही कामा नयेत.

मातीचा नमुना

खतांसाठी माती घेताना आपण शेतभर नागमोडी फिरून दहा-पंधरा ठिकाणची माती एकत्र करतो. प्रदूषणासाठी ही सवय घातक आहे. नाल्याचं पाणी एका कोपऱ्यातून शिरतं, तिथेच गाळ साचतो. त्या कोपऱ्यातली एक मूठ माती नऊ चांगल्या मुठींत मिसळली की आकडा दहाव्या हिश्श्यावर येतो आणि शेत निर्दोष ठरतं. म्हणून आधी शेताचा कच्चा नकाशा काढा, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते शेतकऱ्याकडून समजून घ्या आणि त्यानुसार तुकडे पाडा. पाणी शिरण्याची जागा, मधला भाग, लांबचा बांध, आणि वेगळा तुलनेचा नमुना. प्रत्येक तुकड्यात हवं तर चार-पाच जवळजवळच्या जागांची माती एकत्र करा, पण एका तुकड्याची दुसऱ्यात नाही.

खोलीचंही तसंच. ०–१५, १५–३०, ३०–६० सेंटिमीटर असे थर वेगळे ठेवा. पुरातून आलेले धातू वरच्या थरात अडकतात, आणि जांभ्यातले निसर्गाचे धातू खालपर्यंत सारखे असतात. दोन थरांतला फरक हा स्वतःच एक पुरावा आहे. भाताच्या खाचरात चिखलणी झालेली असते, त्यामुळे वरचा वीतभर थर एकजीव झालेला असतो आणि खाली कडक तळ लागतो. तो तळ कितीवर लागला ते लिहून ठेवा. नमुना कापणीनंतर, वाफसा आल्यावर घ्यावा. चिखलात गिरमिट घातलं तर वरची माती ओघळून खालच्या थरात मिसळते.

हत्यार स्टेनलेस स्टीलचं. गंजलेलं खुरपं, रंगवलेली पहार, गॅल्व्हनाइज्ड घमेलं नको. गिरमिटाला चिकटलेल्या गाभ्याचा बाहेरचा पापुद्रा प्लास्टिकच्या चमच्याने खरवडून टाका आणि आतली माती घ्या. दोन ठिकाणांच्या मध्ये हत्यार ब्रशने साबण-पाण्यात धुवा, मग डिस्टिल्ड वॉटरने. कमी संशयाच्या जागेपासून सुरुवात करा, सगळ्यात घाण जागा शेवटी.

माती स्वच्छ प्लास्टिकच्या कागदावर पसरा, खडे आणि मुळं काढा, नीट मिसळा. गोल ढीग करा, अधिक चिन्हासारखे चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, उरलेले पुन्हा मिसळा. असं करत अर्धा किलोवर आणा. पेट्रोल किंवा सॉल्व्हंट असेल तर हे मिसळणं बिलकूल नको. एका जागेची माती तशीच, दाबून, काचेच्या बरणीत काठोकाठ भरा आणि थंड करा, नाहीतर मिसळता मिसळताच सगळं उडून जातं.

लेबल, नोंदवही आणि रिकामी बाटली

लेबल पेन्सिलीने किंवा न पुसणाऱ्या मार्करने लिहा, साधी शाई बर्फाच्या ओलाव्याने फुटते. नमुने हुबळी, बेंगळूर किंवा कोल्हापूर-पुण्याला जाणार असतात, म्हणून खुणेसाठी इंग्रजी अक्षरं आणि अंकच वापरा. नोंदवही मराठीत ठेवायला हरकत नाही, पण गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर उताऱ्यावर कन्नडमध्ये जसे आहेत तसेही उतरवून घ्या. पुढे अर्ज करताना कार्यालयात तेच नाव जुळवून बघतात. वेळ, जीपीएस, पाण्याची पातळी, मीटरच्या नोंदी, रंग, वास, कालचा पाऊस, कोणी घेतला, समोर कोण होतं हे सगळं जागेवरच लिहा. नमुना हातातून हातात जाताना प्रत्येकाची सही आणि वेळ.

दहा नमुन्यांमागे एक दुबार घ्या. तीच जागा, तीच वेळ, पण लेबल वेगळं, लॅबला न सांगता. आणि एका बाटलीत जागेवरच डिस्टिल्ड वॉटर भरून ती इतर नमुन्यांसारखीच पाठवा. त्यात धातू निघाले तर दोष बाटलीत किंवा आम्लात आहे. कोणी ‘तुमचाच नमुना घाण होता’ म्हणालं तर या दोन बाटल्या उत्तर देतात.

अहवाल हातात आल्यावर

आधी मापन बघा. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या प्रमाणात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, पण ती ‘नायट्रेट’ म्हणून. काही लॅब आकडा ‘नायट्रोजन’ म्हणून, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनच्या वजनाचा देतात. त्याला ४.४३ ने गुणा. अहवालातले १५ निरुपद्रवी दिसतात, गुणल्यावर ते ६६ होतात. फ्लोराईडला १.० ची इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ ची मर्यादा, एकूण क्रोमियमला ०.०५, कॅडमियमला ०.००३. मातीचे आकडे किलोला मिलिग्रॅममध्ये, वाळलेल्या वजनावर आहेत ना ते तपासा.

टीडीएस हा साधारण वाहकतेच्या ०.५५ ते ०.७ पट असतो. फारच वेगळा आला तर लॅबला विचारा. मुख्य क्षार सगळे तपासले असतील तर धन आणि ऋण आयनांच्या (विद्युतभार असलेल्या कणांच्या) भारांची बेरीज पाच-दहा टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे. ती लॅबकडून मागून घ्या.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कारखान्याच्या सांडपाण्याचा न्यायालयात चालणारा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाने अधिकार दिलेल्या माणसानेच, कारखानदाराला रीतसर सूचना देऊन, सीलबंद करून घ्यावा लागतो. तुमच्या विहिरीचा अहवाल त्याची जागा घेत नाही. पण मंडळाला नमुना घ्यायला भाग पाडण्याइतकं वजन त्यात असतं. कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयाकडे अर्ज करताना नकाशा, नोंदवहीची प्रत, तुलनेच्या नमुन्यासह सगळे आकडे जोडा आणि पोच घ्या. एक प्रत ग्रामपंचायतीच्या पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना. मंडळाने हालचाल केली नाही तर कलम ४९ प्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः न्यायालयात जाता येतं.

त्याच बोअरचा, त्याच तोंडातून, त्याच लॅबकडे दुसरा नमुना मे महिन्यात आणि तिसरा पावसाळ्यानंतर नोव्हेंबरमध्ये द्या. पावसाने भूजल पातळ होतं, तर काही ठिकाणी वरच्या मातीतलं साचलेलं खाली झिरपून आकडे उलट वाढतात. हे एका फेरीत कळत नाही.